एका पाकळीचा कौल

माझं आणि मुकादमसाहेबांचं भांडण झालं ते एका रेघेवरून. आता रेघेवरून कोणी भांडतं का, म्हणाल. आमच्या देवबागेत लोक माडाच्या पडलेल्या झावळीवरून भांडतात आणि मालवणच्या कोर्टापर्यंत जातात, मग मी रेघेवरून भांडले तर काय आभाळ कोसळलं? आणि ती रेघ साधी नव्हती. आभाळातूनच आली होती.

थांबा, नीट सांगते. मी चंद्रावती, देवबागच्या गुणाजी तांडेलाची थोरली. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बाकीचे वल्हं मारतात. आमच्या वाडीत मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी. मला त्याचा जेवढा गर्व, तेवढाच माझ्या आईला, विमलाला, घोर. शिकलेल्या पोरीला नवरा कुठून आणायचा? छप्पन साली माझगावच्या मामाने पेपरात जाहिरात बघितली. मुंबईत विज्ञानाच्या एका संस्थेला मॅट्रिक झालेल्या मुली हव्या होत्या, नजर तीक्ष्ण हवी होती. मामा म्हणाला, आमच्या चंद्राची नजर घारीची आहे. ते खरंच होतं. मी लागले.

काम असं होतं. संस्थेतले लोक मोठमोठे फुगे आकाशात सोडायचे आणि त्यांना फोटोच्या जाड जाड काचा बांधायचे. आकाशाच्या पलीकडून बारीक बारीक कण सारखे येत असतात. तुमच्या-माझ्या अंगातून आता या घडीला जात असतील. ते काचेवरच्या मसाल्यातून आरपार गेले की मागे रेघ राहते. ओल्या वाळूवरून कुर्ली, म्हणजे खेकडा, चालत गेली की नक्षी राहते ना, तशी. कुर्ली दिसत नाही, पण नक्षी बघून वाडीतलं पोरही सांगेल की केवढी होती आणि कुठे गेली. काचा खाली आल्या की धुवायच्या, आणि मग आम्ही मुली सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या रेघा शोधायच्या. माझे बाबा त्या यंत्राला दुर्बीण म्हणायचे. मी बरेचदा समजावलं, मग सोडून दिलं.

आमचे तेव्हाचे मोठे साहेब धारगळकर. गोरेपान, धोतर नेसणारे, जेवणानंतर हमखास डुलकी काढणारे. त्यांची पद्धत एकच होती. एक चांगली रेघ दाखवा. बस्स. दहा काचांत काही नसू दे, पण एका काचेत जर अशी रेघ मिळाली की जी कुठून आली, कुठे थांबली, कुठे मोडली ते सगळं स्वच्छ दिसतंय, तर ती एक रेघ म्हणजे नवा कण, नवा शोध. मला एकदा तशी मिळाली होती. साहेब डुलकीतून उठले, अनवाणी धावत आले, डोळा लावला आणि म्हणाले, "पोरी, हे तू आणि देव, दोघांनीच बघितलंय." त्या दिवशी सगळ्यांना पेढे. रात्रभर मला झोप नाही. एकदा बघितलं म्हणजे बघितलं, हे माझ्या हाडात भिनलं ते तेव्हापासून.

पुढे धारगळकरसाहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मुख्तार मुकादम आले. हे रत्नागिरीकडचे, कोकणी मुसलमान, परदेशात बरीच वर्षं राहून आलेले. माणूस गोड. माझ्याशी मुद्दाम कोकणीत बोलायचे. पण आल्या आल्या त्यांनी आमची दुनियाच उलटीपालटी केली. आकाशातून कण येण्याची वाट कशाला बघायची? तिकडे युरोपात मोठं यंत्र आहे, हवे तेवढे कण तयार करतं. ते कण एका पातळ द्रवाच्या टाकीतून सोडायचे, वाटेत बुडबुडे उठतात, त्या बुडबुड्यांचे फोटो काढायचे. एक नाही, दोन नाही, लाखांनी. फिल्मच्या पेट्या बोटीने यायच्या, मच्छीच्या पाट्या याव्या तशा. आम्ही मुलींनी टेबलावर फिल्म पाडायची, रेघेवर ठिकठिकाणी बटण दाबायचं, आकडे कार्डावर छापून यायचे, कार्डं गणकयंत्राला खायला घालायची. रेघ कशी आहे हे कोणी विचारेना. रेघा किती, एवढंच.

मला अगदी शिसारी आली. अहो, हे काय बघणं झालं? ही तर मोजणी!

मी रिकाम्या वेळात जुन्याच काचा बघत बसायची. आणि चौसष्ट सालच्या हिवाळ्यात मला ती रेघ दिसली. सरळ यायची, आणि जिथे मोडण्याचं काही कारणच नाही तिथे मोडून भलत्याच दिशेला जायची. मी धावले. मुकादमसाहेब आले, बघितलं. खोटं का बोलू, चांगलं पंधरा-वीस मिनिटं मन लावून बघितलं.

"सुंदर आहे," म्हणाले. "पण एकच आहे."

"एक आहे म्हणजे आहे ना?"

"चंद्रावतीबाई, एकदा काहीही होऊ शकतं. एकदा दिसलं म्हणजे अजून काही दिसलंच नाही असं समजायचं. तेच पुन्हा पुन्हा दिसू दे, मग बोलू."

माझं डोकं सणकलं. "माझ्या बापाला एकदा होडीखाली देवमासा दिसला होता," मी म्हटलं. "पुन्हा पुन्हा दिसायची वाट बघत बसला असता तर मी आज तुमच्यासमोर नसते!"

अख्खी खोली हसली. मुकादमसाहेबही पोट धरून हसले, आणि तेच मला जास्त झोंबलं. माणूस उलट भांडला तर बरं असतं. मी महिन्याची रजा टाकली, निघताना सांगितलं की बहुतेक परत येणार नाही, आणि मालवणची बोट पकडली.

बोटीच्या कठड्याला टेकून मी सगळं ठरवून टाकलं. नोकरी सोडायची आणि गुरुदासशी लग्न करायचं.

गुरुदास आमच्या शेजारचा. लहानपणापासून बरोबर वाढलेलो. होड्यांना नुकती इंजिनं लागायला लागली होती, आणि इंजिन बिघडलं की देवबाग ते जामसंडे सगळे याच्याकडे यायचे. कमी बोलणारा, हात कायम काळे, हसला की मात्र सगळा चेहरा हसणार. लग्नाचं आम्ही तोंडाने कधी बोललो नव्हतो, पण वाडीला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. एवढंच की लग्न म्हणजे मी मुंबई सोडून यायचं. म्हणून मी सात वर्षं तो विषयच काढला नव्हता, आणि तोही बिचारा थांबला होता. आता मुंबईत माझं काय उरलं होतं?

घरी पोचल्यावर पेज जेवता जेवता मी सांगून टाकलं. आईने आनंदाने वाढायची पळीच खाली टाकली. "गे माये! देव पावलो!" बाबांनी मात्र पेज संपवली, हात धुतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि विडी ओढायला बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच देवळात गेले. परत आले ते उंबऱ्यातूनच म्हणाले, "कौल लावलंय. डावी पडली. ह्या होवचा नाय."

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कुठलंही मोठं काम देवीला विचारल्याशिवाय होत नाही. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपला प्रश्न गाऱ्हाणं घालून तिच्या कानावर घालतो, आणि मग सगळे वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. घर बांधायचं, होडी पाण्यात घालायची, मुलगी द्यायची, सगळं त्या पाकळीवर. आणि पाकळी पडली की मग वाद नाही.

पण मी वाद घातला. मी गुणाजी तांडेलाची मुलगी, वाद नाही घालणार तर काय करणार?

"एका पाकळयेर माझा लगीन मोडतास?" मी ओरडले. "बाबानू, पाकळी ती! पाणी सुकला की खंयतरी पडतलीच. एकदा डावी पडली म्हणान काय झाला? एकदा कायव होव शकता! परत लावा, धा येळा लावा, शंभर येळा लावा, मगे बगूया किती डावी आणि किती उजवी!"

बाबा शांतपणे माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "काल रात्री तू काय सांगी होतंस? साह्येब म्हणता पुन्ना पुन्ना बघूक व्हया, आणि तू म्हणतंस एकदा दिसला म्हणजे दिसला. आता तुझो साह्येब बरोबर काय तू बरोबर?"

आई पदर तोंडाला लावून खुसखुसत होती. मुकादमसाहेबांचं वाक्य, जसंच्या तसं, माझ्याच तोंडून बाहेर पडलं होतं, आणि तेही मालवणीत! मुंबईत असते तर त्यांनी मलाच पेढे वाटायला लावले असते.

रागाने मी घराबाहेर पडले ती सरळ देवळात. चपला भिरकावल्या आणि नाना गुरवांना हाक मारली. नाना म्हातारे झाले होते, पण आवाज अजून खणखणीत. खांबाला टेकून पान जुळवत बसले होते.

"नानानू, कौल लावा. बाबांनी सकाळी लावल्यानी तोच."

"तोच कौल परत लागणा नाय गो बाय. देवीक काय बहिरी समाजलंस?"

"मगे माझी गोष्ट ऐका," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोर फतकल मारून बसले. आता काय सुचलं मला कोण जाणे, पण मी नानांना भौतिकशास्त्र सांगायला लागले. म्हटलं, नानानू, तुमच्या देवीसारखंच आमचं. जगातले सगळे मोठे शास्त्रज्ञ धरून चालले होते की निसर्गाला उजवं-डावं कळत नाही. आरशात बघितलं तर जे दिसेल तेही तसंच घडू शकतं, असं. मग दोघा तरुणांनी जुने सगळे प्रयोग तपासले आणि त्यांच्या लक्षात आलं, एका जातीच्या घटनांबाबत हे कधी कोणी विचारलेलंच नाही. सगळे आपले धरून चाललेत. मग एका बाईंनी विचारलं. एका कणावर नाही हं, कितीतरी कणांवर, कारण एक कण कुठेही जाईल. कोबाल्ट नावाचा धातू थंडगार करून, त्यातले कण कुठल्या बाजूला जास्त बाहेर पडतात ते मोजलं. सत्तावन्न सालची गोष्ट. आणि निघालं काय? निसर्ग उजवं-डावं ओळखतो! दोन्ही बाजूंना सारखे जात नाहीत.

नानांचं पान हातातच राहिलं होतं. "म्हणजे," ते हळूच म्हणाले, "तितके शिकलेले, आणि कौलच लावूक नाय?"

"लावूकच नाय!"

नाना एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "मोजल्यानी तां बरा केल्यानी. पण बाय, मोजूच्या आधी इचारूक येवक व्हया. हयसर लोक येतत, रडतत, म्हणतत देवीन नाय सांगल्यान. मी तेंका म्हणतंय, पयला सांग, तू इचारलंस काय?"

"बाबांनी काय इचारल्यानी?" माझ्या तोंडून निघून गेलं. हे मला सुचलंच नव्हतं. मी धरूनच चालले होते.

"देवीपुढचा बोलणा भायर सांगूचा नाय."

"मगे माका नवो कौल लावचो आसा."

नानांनी माझ्याकडे रोखून बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "नवो लावचो तर जुना गाऱ्हाणा आधी परत घालूक लागता. ती रीत आसा. तू कान बंद कर, नायतर उघडे ठेव, तुझा तू बग."

ते गाभाऱ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि त्या खणखणीत आवाजात सुरू झाले.

"बा देवी माये, ह्यो तुझो लेकरू गुणाजी तुझ्या पायाकडे इलो आसा. तेच्या चेडवाक मुंबयत एक काम आसा. काय काम तां गुणाजीक समजणा नाय, माका समजणा नाय, तुका ठावक. पण त्या कामाचा सांगताना चेडवाच्या तोंडार जो उजेड येता, तो गुणाजीन दुसऱ्या खंयच बगूक नाय. आता चेडू रागान तां काम सोडून येवक बगता. सोडून इला तर तां सुखी होतला काय? होतला तर उजवी दी, नाय तर डावी दी, पण खरा काय तां सांग म्हाराजा!"

असल्या वेळी ऐकणाऱ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. मला म्हणताच आलं नाही. बाबांनी गुरुदासचं नावही घेतलं नव्हतं. लग्नाचं विचारलंच नव्हतं. ज्या कामाला ते दुर्बिणीचं काम म्हणायचे, ज्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, ते त्यांनी देवीसमोर नेऊन ठेवलं होतं.

मी नवा कौल लावलाच नाही. नानांच्या पायाला हात लावला आणि किनाऱ्याकडे पळत सुटले.

बाबा वाळूत जाळं पसरून त्यातली फाटकी जागा शिवत होते. मी धापा टाकत जाऊन समोर बसले. त्यांनी वर बघितलं आणि त्यांना कळलं.

"नान्याच्या तोंडाक कुलूप व्हया," ते पुटपुटले.

"बाबानू, माका कित्याक सांगूक नाय?"

"तुका सांगून तू ऐकतलंस? देवीचा तरी ऐकतलंस म्हणान देवीकडे गेलंय." जाळ्यातून सुई काढली, पुन्हा घातली. "तू सुट्टीक येतंस, पेज गरम आसताना बोलूक सुरवात करतंस ती थंड झाली तरी थांबणंस नाय. ही रेग अशी इली, ती रेग तशी गेली. तुझी आवस झोपान जाता. मी जागो ऱ्हवतंय. माका समजणा नाय, पण बरा वाटता. तां सोडून तू हयसर बांगडे सुकवत बसतलंस, आणि मी तुझा तोंड बगतलंय? माका जमूचा नाय."

मी रडायला लागले. हो, तिथे भर किनाऱ्यावर, सगळ्या वाडीसमोर. मला लाज वाटली नाही.

"आणि शंभर येळा लाव म्हणतंस," बाबा म्हणाले, "शंभर येळा डावीच पडतली. माका ठावकच होता."

"ठावक होता तर लावलात कित्याक?"

"ठावक आसला तरी मन खंय ऐकता गो!"

मी रडता रडता हसले. डोळे पुसले. मग मुख्य गोष्ट विचारली, जी विचारायला मी भीत होते. "आणि गुरुदासाचा काय?"

बाबांचा चेहरा उतरला. "तेचा माका वायट वाटता. झील सोन्यासारको. पण तो हयसरचो, तेची आवस हयसर, तेची इंजिना हयसर. घोव कधी बायलेच्या मागसून जाता काय?"

"तेका इचारलात?"

"तेका?" बाबा चमकलेच. "असा कोण इचारता?"

कोणीच विचारलं नव्हतं. सात वर्षं मीही नाही! मी, जी परक्या लोकांच्या कणांच्या चौकशा करत बसायची, तिने स्वतःच्या माणसाला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. मी उठले, पदर खोचला आणि चालायला लागले.

गुरुदास खाडीच्या अंगाला एका होडीच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मला बघून हसला, मग माझे डोळे बघून हसणं थांबलं.

"काय झाला गो?"

नाही म्हणाला तर सगळं संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. नोकरी सोडून मी आता राहू शकत नव्हते, बाबांनी ती वाटच बंद केली होती. पण विचारल्याशिवाय परत फिरणंही जमणार नव्हतं.

"गुरुदास, माझ्यावांगडा मुंबयक येतलंस? मी काम सोडणंय नाय. लगीन करून, तू थंय."

त्याने हात बाहेर काढले. फडक्याला पुसायला लागला. एक एक बोट सावकाश पुसत होता, आणि मला वाटलं, आता हा नाहीच म्हणणार, कसं म्हणायचं तेवढं शोधतोय.

"भाऊच्या धक्क्यार एक शेठ आसा," तो शेवटी म्हणाला. "तेच्या धा होड्यांका इंजिना आसत. दोन वर्सां माका बोलयता. आवशीकडे माझो धाकटो भाव लवू आसा, तोव म्हणता जा."

"मगे गेलंस कित्या नाय?"

"सगळे म्हणत होते चंद्रा हयसर येतली." तो फडक्याकडेच बघत होता. "तू हयसर येतलंस, आणि मी थंय जावन काय करू?"

मेल्या, मी म्हटलं, दोन वर्षं! तू सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, तू विचारलंस का नाही? त्याच्या काळ्या हातांचे ठसे माझ्या लुगड्याला लागले ते कसे लागले, हे मी तुम्हाला सांगणार नाही.

मुंबईला परत गेल्यावर मी मुकादमसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, मला ते मोजणीचं टेबल शिकवा. ते चिडवतील म्हणून तयारीने गेले होते. पण त्यांनी फक्त खुर्ची पुढे केली. शिकले, आणि खरं सांगू का, आवडलं. लाख रेघा नजरेखालून गेल्या की एकट्या रेघेत कधीच न दिसणारं काहीतरी हळूहळू वर येतं, ओहोटीला खडक वर यावेत तसं. माझी ती मोडकी रेघ पुन्हा कुणाला दिसली नाही. काच कपाटात आहे. फेकून द्या, असं मात्र साहेब कधी म्हणाले नाहीत. म्हणाले, राहू दे, पुढे काय शोधायचं ते कधीकधी अशी एकटी रेघच सांगते.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी मी आणि गुरुदास दोघं घरी आलो तेव्हा आई दारातच होती. तिने आमच्याकडे बघितलं, माझ्या लुगड्याकडे बघितलं आणि चूल पेटवायला आत पळाली. बाबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग खुंटीवरचा धुतलेला सदरा काढून अंगात घालायला लागले.

"बाबानू, खंय चाललात?"

"देवळात."

मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. "परत कौल? आणि आता डावी पडली तर?"

बाबांनी गुंडी लावली, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"इचारूक नाय गो," ते म्हणाले. "आता सांगूक जातंय."